अकोल्याचं पान

३ नोव्हेंबर, अमरावती

आज काम मिळालं. काम म्हणजे काम. पुण्याची नोकरी सोडून घरी परत आले तेव्हापासून दुकानांत कॅमेरे लावून आणि कोचिंग क्लासवाल्यांचे प्रिंटर उघडून दिवस काढत होते. आज 'दैनिक पूर्णाकाठ'चा सर्व्हर हाती आला.

दिवाळीत मालक सागरभाऊंनी अमरावतीच्या कार्यालयात नवी मशीनं घेतली, नवी विंडोज असलेली. पाडव्याला त्यांची पूजाही झाली, एकाच्या कीबोर्डमध्ये अजून कुंकू आहे. त्याच आठवड्यापासून सर्व्हर संध्याकाळी, ऐन पानं लावायच्या वेळेला, कोसळतो. दोनदा पेपर उशिरा छापला गेला आणि गठ्ठे नेणाऱ्या गाड्या खोळंबल्या.

मांडणी अशी. अमरावतीत ही नवी मशीनं, त्यांवर योगेश आणि बाकीचे पानं लावतात. अकोल्याच्या छोट्या कार्यालयात एकच जुना मॅक आहे, त्यावर नत्थुजी नावाचे गृहस्थ अकोल्याचं पान लावतात. सगळी पानं अमरावतीच्या सर्व्हरवर ठेवली जातात. तो लिनक्सवर चालतो. कुणीतरी नागपूरकराने बसवला होता, त्याचा फोन आता लागत नाही.

सागरभाऊ माणूस सरळ वाटला. म्हणाला, "ताई, मले फक्त एवढं सांगा का दोष कुठचा हाये. अमरावतीचा का अकोल्याचा. अकोल्याचं ऑफिस ठेवायचं का नाही, ते मंग पाहू."

माझ्या शब्दाला एवढी किंमत अजून कुणी दिली नव्हती. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याले मशीन दुरुस्त करून पाह्यजे का कोनाचं तरी नाव पाह्यजे?" आईचं हे असंच. आनंदावर पाणी टाकायला तिला वेळ लागत नाही.

५ नोव्हेंबर

यूपीएस बदलला. नेटवर्क कार्ड बदललं. धूळ एवढी निघाली की एखादी गादी भरली असती. संध्याकाळी पुन्हा पडला.

पडतो म्हणजे स्फोट वगैरे होत नाही. सगळ्यांच्या स्क्रीनवर ते चक्र फिरत राहतं, मग तेही थांबतं, आणि योगेश कपाळाला हात लावून माझ्याकडे पाहतो. बंद करून चालू केला की अर्धं केलेलं काम गेलेलं असतं. आज त्याचा अग्रलेखच गेला. मग चहा त्याने एकट्यासाठीच मागवला.

७ नोव्हेंबर

सापडलं! निदान टोक तरी सापडलं.

सर्व्हर पडण्याच्या आधीच्या सगळ्या नोंदी काढून एकाखाली एक लावल्या. प्रत्येक वेळी शेवटी अकोल्याचा मॅक. त्याने पान आठ धरून ठेवलेलं असतं आणि इकडची विंडोज मशीनं तेच पान मागत असतात, कारण नव्या मशीनवरचा प्रोग्रॅम सगळ्या पानांची छोटी चित्रं दाखवण्यासाठी प्रत्येक फाइल सारखी उघडून पाहतो.

आता गंमत अशी की नवी विंडोज आणि जुना मॅक सर्व्हरशी एका भाषेत बोलत नाहीत. फाइल मागायची आणि सोडायची विंडोजची रीत नवी, मॅकची जुनी. नागपूरकराने सर्व्हरला दोन्ही रीती शिकवल्या, पण एकाने धरलेली फाइल दुसऱ्याने मागितली तर काय म्हणायचं ते शिकवलं नाही. तो 'नाही' म्हणत नाही आणि 'घे' पण म्हणत नाही. मागण्या साचत जातात, मेमरी भरते आणि सर्व्हर आडवा होतो.

सागरभाऊंना सांगितलं. त्यांनी एवढ्यातलं एकच ऐकलं. "म्हंजे अकोला."

मी म्हटलं, दोघांच्या मधला मामला आहे. ते म्हणाले, "हो, पण अकोल्याचं मशीन बंद ठेवलं तर पडत नाही नं?" नाही पडत, हे खरंच आहे. तसं म्हटलं.

९ नोव्हेंबर, अकोला

आज सकाळच्या गाडीने इथे आले.

कार्यालय एका मेडिकलच्या वर आहे. एक टेबल, एक बाक, भिंतीवर घड्याळ, आणि तो मॅक. त्याला इंटरनेट नाही, फक्त अमरावतीच्या सर्व्हरशी जोडणी. नत्थुजी साठीकडे झुकलेले, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आवाज असा की खालच्या मेडिकलवाल्याला वर न येता सगळं कळावं. मला बघून म्हणाले, "तुमीच का त्या विंजिनेर बाई? बसा. त्या खुर्चीवर नोका बसू, पाय मोडला हाये तिचा."

पान आठ म्हणजे अकोल्याचं निधनाचं पान. त्यांची पद्धत अशी की दुपारी कालचंच पान उघडायचं, कालचे फोटो काढायचे आणि नवे लावत जायचं. एकदा उघडलं की संध्याकाळी आठपर्यंत बंद करत नाहीत. पाच तास ते पान सर्व्हरवर धरलेलं! मी डोक्याला हात लावला.

"एवढा वेळ उघडं काहून ठेवता?" मी विचारलं.

"लोक येते नं बाई. मानूस काय पेपरची वेळ पाहून मरते का?"

आणि खरंच लोक आले. पाचच्या सुमारास एक जण आला, पाकिटातून बापाचा फोटो काढला आणि टेबलावर उलटा ठेवला, सुलटा ठेवायचं त्याला धैर्य होईना. नत्थुजींनी खर्रा थुंकून तोंड धुतलं आणि मग त्याच्याशी बोलले. अंत्ययात्रा किती वाजता, कुठून, मागे कोण कोण, सगळं विचारलं. सुनांची नावं आधी त्याने सांगितली नव्हती, तीही विचारून घेतली.

आठला ते योगेशला फोन लावतात आणि पानावरचं एकेक नाव मोठ्याने वाचतात. तिकडून योगेश त्याच्या स्क्रीनवर पाहून 'हो' म्हणतो. सगळे 'हो' झाले की पान सोडतात. मला हसू आवरेना. कोणत्या काळात राहतात ही माणसं? सर्व्हर कशासाठी आहे मग?

मॅकच्या कोपऱ्यात घड्याळ भलतंच दाखवत होतं, तारीखसुद्धा कुठल्या जमान्यातली. विचारलं तर म्हणाले, "इजेची लाइन गेली का ते असंच करते. आतला सेल गेला त्याचा. भितीवर हाये नं घड्याळ." निघताना मी ते बरोबर लावून दिलं.

त्यांना एक विचारायचं होतं, ते त्यांनी जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा विचारलं. "बाई, सागरभाऊ ऑफिस बंद करून राहिले का?" मी म्हटलं, तसं काही नाही, उलट सर्व्हर नीट झाला की सगळं सुरळीत होईल. ते हसले. "माह्याकडून काई चूक नाही निघाली पाह्यजे बस. एवढी वर्षं नाही निघाली."

१४ नोव्हेंबर, अमरावती

आज मी स्वतःवर खूश आहे आणि ते लिहायला लाजत नाही.

उपाय साधा आहे. मॅकने सर्व्हरवरचं पान धरायचंच नाही. नत्थुजींनी आपल्याच मशीनवरच्या प्रतीवर काम करायचं. आठ वाजता माझा छोटा प्रोग्रॅम दोन्हीकडच्या प्रती शेवटच्या बदलाच्या वेळेवरून ताडून पाहतो, जिची वेळ नंतरची ती खरी धरतो आणि दुसरीवर चढवतो. म्हणजे दोन्हीकडे एकच पान. कुणी फाइल धरत नाही आणि कुणी ताटकळत नाही. माणसाने मध्ये हात घालायची गरजच नाही.

फोनवर नावं वाचणं बंद करायला सांगितलं. योगेशला तेवढीच सवड. नत्थुजी कुरकुरले, "पान गेलं का नाही ते मले कसं समजन?" मी म्हटलं, काका, ते आपोआप जातं, तुम्ही आठला कुलूप लावा आणि घरी जाऊन जेवा. "बरं," म्हणाले. मग थोडं थांबून, "शकुनले बरं वाटन, बायकोले. ती रोज वाट पाह्यते."

१८ नोव्हेंबर

सर्व्हर उभा आहे. सागरभाऊंनी कार्यालयात सगळ्यांसमोर नाव घेतलं. योगेशने आज चहा माझ्यासाठीही मागवला.

नत्थुजींनी फोन केला होता. पान बरोबर निघतं आहे, पण आठनंतर हाताला काही काम नसतं म्हणून करमत नाही, असं काहीबाही. ऐकून घेतलं.

१९ नोव्हेंबर

दिवसभर दुसऱ्या कामात होते. अकोल्यात दुपारी दोन तास विजेची लाइन नव्हती म्हणे, तरी नत्थुजींनी पान वेळेत पुरं केलं. सर्व्हर ठीक.

२० नोव्हेंबर

फार वाईट झालं.

आजच्या अंकात अकोल्याचं निधनाचं पान कालचंच छापलं गेलं. कालचीच माणसं पुन्हा. आणि काल संध्याकाळी ज्यांचा फोटो आला होता ते जानराव, बाजारात भाजीचं दुकान लावणारे म्हातारे, ते कुठेच नाहीत. त्यांची अंत्ययात्रा आज सकाळी होती. दुकानांच्या त्यांच्या ओळीतला माणूस गेला की ती ओळ दुकानं बंद ठेवते आणि सगळे खांदा द्यायला जातात. आज कुणाला कळलंच नाही. ओळ नेहमीसारखी लागली आणि जानरावांना नेलं तेव्हा घरचेच काही जण होते. आजकाल व्हॉट्सअपवर सगळं कळतं असं मला वाटायचं. त्या ओळीतल्या लोकांना पेपरमधून कळतं.

मुलगा अकोल्याच्या कार्यालयात आला आणि त्याने खूप आरडाओरडा केला. त्याचं काय चुकलं?

मी नत्थुजींना फोन केला. आवाज ओळखू येईना. "मी लावला होता फोटो. पांढऱ्या टोपीतला. लावलाच होता." मग म्हणाले, "मी लावला होता का नाही, बाई?"

मी सर्व्हर पाहिला. काही पडलं नव्हतं, काही अडलं नव्हतं. माझा प्रोग्रॅम वेळेवर चालला आणि पूर्ण झाला, तशी नोंद आहे. म्हणजे त्यांच्याकडूनच राहिलं. कालचं पान उघडलं असेल, लाइन गेल्याने गोंधळ उडाला असेल, आणि फोटो लावल्याचं नुसतं मनात असेल. होतं असं वयानं. मला त्यांचा राग आला नाही, वाईटच वाटलं.

२२ नोव्हेंबर

सागरभाऊंनी लेखी मागितलं, सर्व्हरचा दोष होता की माणसाचा. मी लिहिलं की त्या संध्याकाळी यंत्रणेत कोणताही बिघाड आढळला नाही. एवढंच लिहिलं. नत्थुजींचं नाव लिहिलं नाही.

आईला हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "नाव लिवायचं राह्यलंच काय मंग?"

मी तिच्यावर ओरडले. माझं काम सर्व्हर पाहणं आहे. माणसांचं काय करायचं ते मालक पाहतील.

६ डिसेंबर

अकोल्याचं कार्यालय बंद झालं. निधनाच्या बातम्या आता मोबाइलवर फोटो पाठवून द्यायच्या, पान अमरावतीत योगेश लावतो. नत्थुजींनी चूक लिहून दिली आणि घरी बसले. योगेश म्हणाला, मालकांना हे दिवाळीपासूनच करायचं होतं, फक्त नत्थुजींना काढायला तोंड नव्हतं. मला हे कुणी आधी का नाही सांगितलं? मी विचारलं तर योगेश म्हणाला, "आमाले वाटलं तुमाले मालूम हाये. तुमालेच तं त्यासाठी आनलं होतं."

मी आज लवकर घरी आले.

२७ डिसेंबर

अकोल्याचा मॅक इथे आणून टाकला होता. सागरभाऊ म्हणाले, पुसून भंगारात द्या. आज लावला. चालू झाला आणि कोपऱ्यात घड्याळ. तारीख त्याच जुन्या जमान्यातली.

मी खुर्चीत बसून राहिले. समजायला काही लागलंच नाही, ते सगळं आधीपासून माझ्यासमोर होतं. दुपारी लाइन गेली, मॅकचं घड्याळ मागे पडलं. नत्थुजींनी संध्याकाळी फोटो लावून पान ठेवलं, त्यावर वेळ बसली कैक वर्षांपूर्वीची. इकडे सर्व्हरवर कालचं पान, विंडोज मशीनने छोटी चित्रं करता करता हात लावलेलं, त्यावर वेळ त्याच दिवसाची. जिची वेळ नंतरची ती खरी. माझ्याच प्रोग्रॅमने कालचं पान नत्थुजींच्या पानावर चढवलं. नोंद काढून पाहिली. आठ वाजता अमरावतीकडून अकोल्याकडे एक फाइल. मी त्या दिवशी 'पूर्ण झालं' एवढंच वाचलं होतं, कुठून कुठे गेलं ते वाचलं नव्हतं.

त्यांनी लावला होता. पांढऱ्या टोपीतला.

फोनवर नावं वाचली असती तर पहिल्याच नावाला योगेश 'नाही' म्हणाला असता.

संध्याकाळी सागरभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "ताई, झालं ते झालं. आता काहून उकरता? सर्व्हर पडत नाही नं?" मग लगेच, यवतमाळलाही असंच जुनं ऑफिस आहे, तिकडचंही पाहाल का. मी नाही म्हणायला हवं होतं. पाहते म्हणाले.

३१ डिसेंबर

अकोल्याला जायचं आहे. चार दिवस झाले. रोज काहीतरी काम निघतं, म्हणजे मी काढते. त्यांना सांगून काय होणार, नोकरी तर परत मिळणार नाही, असंही मनात येतं. हा विचार किती सोयीचा आहे ते मला कळतं.

४ जानेवारी

जाऊन आले.

नत्थुजींचं घर जुन्या शहरात, गल्लीच्या टोकाला. दार शकुनबाईंनी उघडलं. नत्थुजी पलंगावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. वाळले आहेत. खर्रा सुटला म्हणे. तो आवाजही गेला.

"या विंजिनेर बाई. पडला का सर्व्हर?"

मी उभ्यानेच सांगून टाकलं. लाइन गेली ते, घड्याळ, माझा नियम, सगळं. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हंजे मी लावला होता."

"लावला होता, काका."

"जानरावचा."

"हो. चूक माझी होती. तुमची काहीच नव्हती."

मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी त्याच्या पोराच्या पायाले हात लावला. माह्या पोरापेक्षा लहान हाये तो. सागरभाऊले लिहून देल्लं, का माह्याकडून विसर पडला. लिहता लिहता माह्यं मलेच खरं वाटलं." आणि मग हाक मारली, "शकुन! ये इकडे."

शकुनबाई पदराला हात पुसत आल्या.

"हे जे मले सांगतलं ते हिले सांग पोरी. सावकाश सांग, तिले मशीनचं समजत नाही. मी विसरलो नव्हतो, हे सांग तिले."

मी पुन्हा सांगितलं. शकुनबाई खाली बसून ऐकत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी नत्थुजींना एकटं बाहेर सोडलेलं नाही. गाडीची किल्ली त्यांच्याकडे असते. बाजारातून आणायच्या चार वस्तू असल्या तरी मुलगी सोबत जाते. डॉक्टरकडे नेलं, त्याने विसरण्यावरच्या गोळ्या दिल्या, त्या खिडकीत होत्या. हे सगळं त्या बोलता बोलता सांगत गेल्या, माझ्यावर ठपका ठेवायला नाही, तर हिशेब लागेना म्हणून. आधी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मंग परवा गॅस कोनं चालू ठेवला होता?"

नत्थुजींनी माझ्याकडे पाहिलं. जशी त्या पानाची नोंद माझ्याकडे निघाली तशी याचीही निघेल, असं पाहिलं.

मी म्हटलं, गॅस कोणाकडूनही राहतो, माझ्या आईकडूनही राहतो. आई गॅस कधीच विसरत नाही.

"राह्यते नं?" नत्थुजी शकुनबाईंना म्हणाले. त्या हो म्हणाल्या. मग त्यांनी शेंगांचं ताट उचललं, दाराशी उजेडात जाऊन बसल्या आणि नत्थुजींनी टाकलेल्या सालांमध्ये दाणे राहिले का ते एकेक साल उघडून पाहू लागल्या.